खाऱ्या पाण्याची नवी टाकी: नायट्रोजन चक्र लवकर बसवण्याच्या नोंदी, पर्वरी (गोवा)

२६ एप्रिल

समुद्री माशांसाठी टाकी ३६ × १८ × १८ इंच, खाली २४ इंची सम्प (पाणी गाळायची खालची टाकी). १४ किलो ड्राय रॉक (कोरडा, जीव नसलेला सच्छिद्र खडक), १२ किलो अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू (तळाला दोन सेंटिमीटरचा थर होतो, त्याहून जास्त नको). रिटर्न पंप (सम्पातलं पाणी वर टाकीत नेणारा), दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप), स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय घाण काढणारं यंत्र). स्किमर बसवलाय पण बंद आहे, दिवेही बंद. चक्र बसेपर्यंत, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत रुजेपर्यंत, उजेडाचं काहीच काम नाही. उजेड दिला तर जीवाणूंच्या आधी शेवाळ येऊन बसतं.

हेतू एवढाच: काहीही न करता असं चक्र बसायला पाच-सहा आठवडे जातात, ते तीनच्या आत आणायचं. कुठे वेळ वाचला आणि कुठे वाया गेला, दोन्ही लिहून ठेवतोय.

गोव्यात हमखास विचारल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आधीच उरकतो. किनाऱ्यावरची वाळू आणायची नाही. ती बहुतेक सिलिकाची असते, पीएच धरत नाही, आणि किनारपट्टी नियमांत वाळू उचलायला मनाई आहे. समुद्रातले जिवंत खडकही आणायचे नाहीत, कारण त्यांवर पोवळी असतात आणि पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. राहिला आपला चिरा (जांभा दगड). कुंपणाला उत्तम, टाकीत नको. लोहाने भरलेला, भुसभुशीत, आणि अरागोनाइटचा एकही गुण त्यात नाही.

२८ एप्रिल

पाणी भरलं. नळाचं पाणी आधी आरओ मेंब्रेनमधून, मग उरलेसुरले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनमधून. टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आल्यावरच मीठ घातलं. टीडीएस मीटरला क्लोरीन दिसत नाही, हे लक्षात असू द्या. कार्बन फिल्टर संपलेला असेल तर मीटर शून्य दाखवतं आणि क्लोरीन आरामात पुढे जातं. आधी मेंब्रेन खराब होतं, मग जीवाणू मरतात. कार्बन नवा घातला, ४५० रुपये.

काचेच्या मापांवरून लिटर काढू नका. लांबी-रुंदी-उंचीच्या हिशेबाने नुसती टाकीच १९० लिटरच्या वर जाते. खडक, वाळू, वरची मोकळी जागा वजा करून आणि सम्पातलं पाणी धरून प्रत्यक्षात साडेसात कॅन लागले, २० लिटरचा एक. म्हणजे १५० लिटर. पुढचा प्रत्येक डोस याच आकड्यावर.

मीठ लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं, म्हणजे साडेपाच किलो. इथे सहा किलोच्या वर गेलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

२९ एप्रिल

शंका खरी निघाली. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) आरओच्या पाण्यावर शून्याला लावला होता. स्वस्तातले रिफ्रॅक्टोमीटर शून्याला बरोबर आणि ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग क्षार, समुद्राइतका खारेपणा) चुकीचे असू शकतात. तपासायचं द्रावण घरी होतं: ३.६५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड, ९६.३५ ग्रॅम आरओ पाणी. याचा प्रकाश वाकवण्याचा गुण ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच असतो. आमच्या उपकरणाने ते ३१ दाखवलं. म्हणजे टाकी ३५ दिसत होती तेव्हा पाणी खरं ३९ होतं.

साडेपंधरा लिटर काढून तेवढंच आरओ घातलं. एक दिवस आणि सहाशे ग्रॅम मीठ गेलं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा साडेपाचशे रुपयांना आणला. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने उडी मारणारा काटा या कामाचा नाही.

३० एप्रिल (दिवस १)

अमोनिया कुठून आणायचा? कोळंबी टाकून कुजवायची पद्धत जुनी आहे आणि चालतेही. पण कुजायला दोन-चार दिवस जातात, किती अमोनिया सुटला याचा हिशेब लागत नाही, आणि मे महिन्यात घरभर वास. शिवाय बाजारातल्या सुंगटांवर (कोळंबीवर) बर्फाबरोबर आणखी काय लागलंय ते बघून कळत नाही. २०१८ साली मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात जो गदारोळ झाला तो आठवा. जे रसायन जीवाणू मारतं ते टाकून जीवाणू वाढवायचे, हा उद्योग कशाला?

म्हणून अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाल्याचा. आधी म्हापशाच्या बाजारातून नवसागरच आणून पाहिला. साठ रुपयांत पाव किलो, खडे करडे. चहाच्या कपात विरघळवला तर वर पाणी स्वच्छ, तळाला बोटाला चिकटणारा काळपट गाळ. त्यात तांबं-शिसं काय आहे ते सांगता येत नाही, आणि तांबं कोळंबी-पोवळ्यांना विष. फेकला. प्रयोगशाळेच्या दर्जाचा ५०० ग्रॅमचा डबा ३८० रुपयांना मिळाला. शंभर टाक्यांना पुरेल.

द्रावण: १० ग्रॅम पावडर, ५०० मिली आरओ पाणी. याचे ३० मिली दर १०० लिटरला घातले की एकूण अमोनिया २ पीपीएमने (लिटरमागे २ मिलिग्रॅमने) वाढतो. १५० लिटरला ४५ मिली. बाटलीवर हे लिहून चिकटवा, दोन आठवड्यांनी आठवत नाही.

४५ मिली घातलं. चाचणीत अमोनिया २ पीपीएम. जीवाणूंची बाटलीही ओतली (१,९०० रुपये, कुरिअरने आलेली). खोका उघडला तेव्हा बाटली हाताला कोमट लागली होती. तशीच ओतली.

१ ते ४ मे

अमोनिया २, २, २, २. नायट्राइट शून्य. तापमान ३०.५, पीएच ८.१, केएच (पाण्याची क्षारता, डीकेएच या एककात) ८.५. काहीच हललं नाही.

५ मे (दिवस ६)

नुसती वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चार बालद्या मांडल्या. प्रत्येकीत १० लिटर नवं खारं पाणी, ३ मिली अमोनिया द्रावण, एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा), वर फडकं.

अ: त्याच कंपनीच्या दुसऱ्या बाटलीतला डोस, हीसुद्धा त्याच पार्सलात आलेली.
आ: मडगावच्या दोन वर्षं चाललेल्या एका टाकीच्या सम्पातल्या सिरॅमिक रिंग्ज (जीवाणू चिकटून राहतात अशा सच्छिद्र कड्या), २०० मिली.
इ: खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) कोळंबी तळ्यांत घालतात ती प्रोबायोटिक पावडर, एक ग्रॅम.
ई: काही नाही.

रिंग्ज आणण्याबद्दल: नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत, आणि पाण्यात बुडवूनही आणायच्या नाहीत. झाकण घट्ट लावलेल्या पाणीभरल्या डब्यात तासाभरात ऑक्सिजन संपतो. रिंग्ज त्यांच्याच टाकीच्या पाण्याने ओल्या, डब्याच्या तळाला बोटभर पाणी, वर हवा, आणि सगळं थर्माकोलच्या पेटीत. झुआरी पूल धरून दीड तास लागला, काही बिघडलं नाही.

ज्या टाकीतून घ्यायच्या तिथे वर्षभर नवा मासा आलेला नसावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या गाठी अशा वस्तूंवर चिकटून येतात आणि आठवडेच्या आठवडे टिकतात. रात्री टॉर्च मारून एप्टेशिया (छोटं, उपद्रवी समुद्रफूल) आहेत का तेही पाहिलं. एक सापडला, ती रिंग फेकली.

८ मे (दिवस ९)

तीन दिवसांनी:

अ: अमोनिया २, नायट्राइट ०.
आ: अमोनिया ०.२५, नायट्राइट भरपूर.
इ: अमोनिया २, पाणी दुधाळ, वर फेस.
ई: अमोनिया २.

बाटली मेलेली होती. एप्रिल अखेरीस पाच दिवस प्लास्टिकच्या पाकिटात फिरलेल्या पार्सलाकडून वेगळी अपेक्षा ठेवणंच चूक. बाटली घ्यायचीच असेल तर दुकानाच्या फ्रिजमधून हातात घ्या, घरीही फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे), ओतण्याआधी जोरात हलवा, आणि आधी एका बालदीत तीन दिवस तपासा. बालदीत अमोनिया हलला नाही तर टाकीतही हलणार नाही.

'इ' बद्दल जरा सविस्तर, कारण पशुखाद्याच्या दुकानांत ही पावडर स्वस्त मिळते आणि पाकिटावर अमोनिया कमी करते असं छापलेलं असतं. त्यात बॅसिलस जातीचे जीवाणू असतात. ते तळाचा सेंद्रिय गाळ खातात, आणि तळ्यात तेच हवं असतं. अमोनियाचं नायट्राइट करणारे ते नव्हेत. सेंद्रिय खाद्य नसलेल्या नव्या टाकीत ते पावडरीतला भुसाच खाऊन वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. ३० अंशांच्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात लिटरला सहा-सव्वासहा मिलिग्रॅमच मावतो. त्यात हे भागीदार.

९ मे (दिवस १०)

मडगावहून आणखी दीड लिटर रिंग्ज आणि एक जुना स्पंज. जाळीच्या पिशवीत घालून सम्पात, पाणी थेट त्यातून जाईल अशा जागी. स्पंज टाकीच्याच पाण्यात तीनदा पिळला, पाणी तपकिरी झालं. तो गाळ खडकांवर ओतला. दिसायला घाण, पण तेच बियाणं. जुन्या टाकीतून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त रिंग्ज घेऊ नका, नाहीतर तिथल्या माशांचे हाल होतील.

१२ मे (दिवस १३)

११ तारखेला चाचणीत अमोनिया ०.२५ च्या आसपास दिसला म्हणून परत ४५ मिली. आज ०.५ दिसला म्हणून आणखी ४५ मिली. इतक्या वेगावर खूश होतो. चूक उद्याच्या नोंदीत.

१३ मे (दिवस १४)

या प्रकल्पातली सगळ्यात महाग चूक. चाचणीच्या नळीत शेवटचे थेंब घातल्यावर पाच मिनिटं थांबायचं असतं. गेले दोन दिवस वाचन दीड-दोन मिनिटांत घेतलं जात होतं, तेही वाचनापुरत्या लावलेल्या टाकीच्या निळ्या दिव्याखाली. आज घड्याळ लावून, खिडकीपाशी, पांढरा कागद मागे धरून पाहिलं. दोन मिनिटांना नळी पिवळट. तिसऱ्या मिनिटाला कडेने हिरवी झाक. पाचव्याला सरळ गडद हिरवी, ३ च्या आसपास. खाऱ्या पाण्यात रंग आणखी सावकाश चढतो.

म्हणजे खरा अमोनिया कधी ०.२५ ला आलाच नव्हता. एकूण ६ पीपीएम टाकून झाला होता. पीएच ८.१ आणि ३० अंशांना एकूण अमोनियातला साधारण दहावा हिस्सा मुक्त स्वरूपात असतो. हा मुक्त अमोनिया नायट्राइट खाणाऱ्या जीवाणूंना रोखतो, अमोनिया खाणाऱ्यांना तेवढा नाही. पहिली पाळी जोरात चालू आणि दुसरी गेटवरच अडकलेली. मधला माल साठत राहतो.

नायट्राइटची चाचणी जांभळी, तक्त्याच्या बाहेर. नायट्रेटची लालभडक, ८० च्या वर. या नायट्रेटवर विश्वास ठेवू नका. ती चाचणी आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग रंग देते, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असलं की आकडा फुगतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजणं म्हणजे रसायनं वाया घालवणं.

आजपासून नियम: एका वाचनावर डोस नाही. दोन वाचनं, दोन्ही पाच मिनिटांची.

१६ मे (दिवस १७)

अमोनिया ०. नायट्राइट तक्त्याच्या बाहेरच, म्हणून पातळ करून मोजलं: १ मिली टाकीचं पाणी, ९ मिली आरओ, त्यातून नेहमीचे ५ मिली. वाचन १ ते २ च्या मध्ये. दहाने गुणा, म्हणजे १५ च्या आसपास.

हिशेब जुळवून पाहा. १ पीपीएम अमोनियमचं २.५६ पीपीएम नायट्राइट होतं. ६ गुणिले २.५६ म्हणजे १५.४. आत टाकलेला सगळा अमोनिया नायट्राइट होऊन तसाच बसलाय, पुढे जवळजवळ काहीच गेलेलं नाही.

केएच ८.५ वरून ६.७. हेही अपेक्षितच. अमोनिया जाळताना क्षारता खर्च होते, नायट्रोजनच्या प्रत्येक पीपीएममागे साधारण ०.४ डीकेएच. पीएच ७.८. खिडक्या बंद, एसी चालू, खोलीत कार्बन डायऑक्साइड जास्त, हे त्यात भर घालतंच.

फॉस्फेट मोजला: ०.००. संशय इथे गेला. ड्राय रॉक, आरओचं पाणी, शुद्ध अमोनियम क्लोराइड: सगळं इतकं स्वच्छ की जीवाणूंना पेशी बांधायला फॉस्फरसच नाही. कोळंबी कुजवणाऱ्यांना ही अडचण येत नाही, एवढं श्रेय त्या पद्धतीला द्यायला हवं.

परत बालद्या. टाकीचंच १०-१० लिटर पाणी, सम्पातल्या २००-२०० मिली रिंग्ज, एअरस्टोन. एकीत फॉस्फेट, दुसरीत नाही. फॉस्फेटसाठी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, १ ग्रॅम १ लिटर आरओत. १० लिटरला ०.१ पीपीएम यायला त्याचे १.४ मिली. टाकीतून काढलेल्या पाण्याऐवजी २० लिटर नवं खारं पाणी.

१८ मे (दिवस १९)

४८ तासांनी फॉस्फेटची बालदी: नायट्राइट ५ च्या आसपास. बिनफॉस्फेटची: १५, जिथे होती तिथेच. एवढं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं.

टाकीत आज तीन गोष्टी केल्या:

७५ लिटर पाणी बदललं. मीठ पावणेतीन किलो, ८२० रुपये, केवळ १२ तारखेच्या घाईपायी.

खायचा सोडा ४.५ ग्रॅम, आरओच्या एका ग्लासात विरघळवून सम्पात सावकाश. १५० लिटरला एवढ्याने १ डीकेएच वाढते. केएच आता ८.७. खायचा सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नाही. तिच्यात आम्ल आणि मक्याचं पीठ असतं.

फॉस्फेट द्रावण २१ मिली. हिशेबाने ०.१ पीपीएम व्हायला हवा. दोन तासांनी चाचणीत ०.०३. चूक नाही. अरागोनाइटचे खडक आणि वाळू फॉस्फेट अंगावर ओढून घेतात. बालदीत वाळू नव्हती म्हणून तिथे टिकला. टाकीत पुढचे तीन दिवस रोज १० मिली घालायचं ठरवलं. वजनकाट्याचा खटाटोप नको असेल तर माशांच्या खाद्याची एक चिमूट रोज घातली तरी हेच साधतं, फक्त सावकाश.

अमोनिया घालणं पूर्ण बंद. अमोनिया खाणारे जीवाणू आठवडाभर उपाशी राहून मरत नाहीत. "जीवाणू मरतील" या भीतीने रोज डोस घालत राहणं हेच बऱ्याच टाक्या अडकण्याचं कारण असतं.

२० मे (दिवस २१)

नायट्राइट ५ किंवा किंचित खाली. पातळ न करता तक्त्यात आलं.

२१ मे (दिवस २२)

संध्याकाळी वळवाचं वादळ, वीज पाच तास गेली. रिटर्न पंप थांबला की टाकीतलं पाणी पाइपातून उलटं सम्पात येतं. त्यासाठी रिटर्नच्या तोंडाजवळ पाण्याच्या पातळीला एक भोक पाडलेलं होतं, तिथे हवा शिरली की सायफन तुटतो. ते मिठाच्या खड्याने बुजलं होतं. शिवाय पाणी बदलल्यावर सम्प खुणेच्या वर भरलेला. सहा लिटर खारं पाणी फरशीवर, तिथून एक्स्टेन्शन बोर्डापासून वीतभर अंतरावर. बोर्ड आता भिंतीला, फुटभर वर. वायर खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही.

सांडलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणीच घाला, आरओ नाही. बाष्पीभवनाची तूट आरओने, सांडलेल्याची खाऱ्या पाण्याने.

जीवाणूंसाठी बॅटरीवर चालणारा एअरपंप सम्पात, रिंग्जच्या पिशवीखाली लावला. रिंग्ज बंद कॅनिस्टरमध्ये (डबाबंद फिल्टरमध्ये) असत्या तर पाच तासांत आतला ऑक्सिजन संपून बियाणंच गेलं असतं. गोव्यात मे-जूनमध्ये कॅनिस्टरपेक्षा उघडा सम्प बरा, हे माझं मत या एका संध्याकाळीने पक्कं झालं. एअरपंप ७०० रुपये.

२४ मे (दिवस २५)

काल नायट्राइट १. आज ०. दोन वाचनं, दोन्ही पाच मिनिटांची, दोन्ही शून्य.

२५ ते २६ मे (दिवस २६, २७)

खरी परीक्षा. २५ ला सकाळी ७ वाजता ४५ मिली, म्हणजे २ पीपीएम. एका तासाने चाचणीत २, म्हणजे डोस बरोबर पोचला. दुपारी ३ ला अमोनिया ०.५, नायट्राइट ०.५ ते १. रात्री ११ ला अमोनिया ०, नायट्राइट ०.२५. २६ ला सकाळी ७ वाजता दोन्ही शून्य.

नायट्रेट आता मोजण्यात अर्थ आहे: १० ते २० च्या मध्ये. हिशेब १६ सांगतो (अमोनियमचा १ पीपीएम नायट्रेटचे ३.४४ होतो, पाणी बदललं ते वजा). कुठे काही हरवलेलं नाही.

२ पीपीएम रोज पचवण्याची ताकद म्हणजे किती मासे? माशांच्या कोरड्या खाद्यात प्रथिनं निम्मी, प्रथिनांत नायट्रोजन साधारण १६ टक्के. एक ग्रॅम खाद्यात ८० मिलिग्रॅम नायट्रोजन. सगळा अमोनिया झाला असं धरलं तरी १५० लिटरात जेमतेम ०.७ पीपीएम. म्हणजे ही टाकी आजच रोज जवळपास तीन ग्रॅम खाद्य झेलू शकते. क्लाऊनफिशच्या जोडीला पाव ग्रॅम पुरतं. म्हणून '४ पीपीएम पचलं तरच चक्र पूर्ण' असा आग्रह धरू नका, ते दोन माशांसाठी लग्नाचा मांडव घालण्यासारखं आहे.

२७ मे

४० लिटर पाणी बदललं. स्किमर चालू. दिवे रोज चार तासांपासून.

मीठ हा इथला वेगळाच त्रास. पिशवीचं तोंड रबराने बांधून ठेवलं होतं, तीन आठवड्यांत वरचा थर दगड झाला. ओलावा धरलेलं मीठ वजनाला जास्त भरतं, आणि विरघळल्यावर केएच कमी निघते, कारण थोडा कॅल्शियम कार्बोनेट आधीच पिशवीत बसलेला असतो. पांढरं, न विरघळणारं पीठ तळाला दिसलं तर तेच. उरलेलं मीठ रबरी वॉशर असलेल्या झाकणाच्या पिंपात, वर सिलिका जेलच्या पुड्या. पाऊस लागायच्या आत हे करून टाका.

२९ मे

क्लाऊनफिशची जोडी. तापमान ३० वर होतं ते सम्पावरच्या पंख्याने २८.५ ला आणलं. इथल्या दमट हवेत पंख्याचा गुण कोरड्या हवेच्या मानाने कमीच, दीड-दोन अंशांवर तो थांबतो.

एक नोंद: या टप्प्यावर चुकून ०.२५ नायट्राइट दिसला तर घाबरून रसायनं ओतू नका. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड माशाच्या कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही, गोड्या पाण्यातली भीती इथे लागू नाही. अमोनिया दिसला तर मात्र लगेच पाणी बदला.

८ जून

दहा दिवस अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ५ ते १०, केएच ८.२. वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) आले. ते येतातच, सिलिका संपली की जातात.

खर्च, टाकी-पंप सोडून: दोन मेलेल्या बाटल्या ३,८००, जादा मीठ साधारण १,५००, अमोनियम क्लोराइड ३८०, फॉस्फेटची पुडी १५०, काटा ५५०, कार्बन ४५०, एअरपंप ७००. ज्याने चक्र बसवलं त्या रिंग्ज फुकट. दिवस २७, त्यातले पहिले नऊ मेलेल्या बाटलीने खाल्ले, आणि १३ ते १८ मे हे पाच-सहा घड्याळ न लावल्याने.

दोघांनी विचारलं की एवढं मीठ घेण्यापेक्षा समुद्राचंच पाणी का आणलं नाही. एप्रिल-मेमध्ये, किनाऱ्यापासून लांब, बार्जच्या (मालवाहू नौकांच्या) वाटेबाहेर घेतलं तर चालतं. आता नाही. पाऊस धरला की मांडवी आणि झुआरीच्या मुखांशी पाण्याचा खारेपणा कोसळतो, मिरामार-दोना पावलाचं पाणी ऑक्टोबरपर्यंत विसरा.

रिंग्जची पिशवी अजून सम्पातच आहे. एकदम काढली तर निम्मी ताकद जाईल. ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी चौथाई काढायची, काढल्यावर तिसऱ्या दिवशी अमोनिया मोजायचा, शून्य असेल तरच पुढची चौथाई. काढलेल्या रिंग्ज वाळवायच्या नाहीत. पेडण्याला एक टाकी जुलैत सुरू होतेय, तिथे जातील.